काळ्या रुपयाची बाजू

दिवाळी तोंडावर आली की घरोघरी कपाटाच्या आतल्या कप्प्यातून एक डबी बाहेर निघते. लक्ष्मीपूजनाच्या ताटात मांडायचे चांदीचे रुपये तिच्यात असतात. कुणाकडे दोन, कुणाकडे वीस. वर्षभर त्यांच्याकडे कुणी ढुंकून पाहिलेले नसते आणि आता पाहावे तर ते काळवंडलेले दिसतात. मग घरातली कामसू बाई किंवा सुटीवर आलेला एखादा उत्साही नातू बाह्या सरसावतो. चिंच, लिंबू, खाण्याचा सोडा, दंतमंजन, रांगोळीची पूड, ज्याच्या घरात जी परंपरा असेल ती. तासाभरात रुपये लख्ख होतात, ताटात चमकतात आणि सगळ्यांना बरे वाटते.

या बरे वाटण्याला माझा विरोध आहे. सणासुदीच्या तोंडावर असे काही लिहिणे म्हणजे रंगाचा बेरंग करणे, हे मला कळते. तरीही लिहितो, कारण ती डबी उघडण्याच्या आधी लिहिले तरच त्याचा उपयोग. जुना चांदीचा रुपया काळा पडतो तेव्हा तो खराब होत नसतो. तो आपल्या अंगावर काहीतरी लिहून घेत असतो. आपण चिंचेने पुसतो ते हे लिहिलेले. आणि एकदा पुसले की ते पुन्हा लिहिता येत नाही.

आधी हा रुपया कोण, ते पाहू. आपल्या डब्यांतले बहुतेक जुने रुपये इंग्रजी अमलातले असतात. मराठी मुलखात त्याआधी अंकुशी, चांदवडी, मल्हारशाही अशा कितीतरी रुपयांचा बाजार भरलेला होता. १८३५ साली कंपनी सरकारने आपल्या ताब्यातल्या मुलखासाठी एकच रुपया ठरवला. वजन एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम. त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी आणि एक भाग हिणकस. म्हणजे एका रुपयात सुमारे १०.७ ग्रॅम शुद्ध चांदी. 'रुपयाभार' हे आजीच्या तोंडचे माप आले ते या ठरीव वजनातून. १८६२ पासूनच्या नाण्यांवर व्हिक्टोरिया 'राणी' आहे, १८७७ पासून ती 'सम्राज्ञी' झाली. नंतर सातवा एडवर्ड, मग पाचवा जॉर्ज, मग सहावा. राजे बदलले, चांदी बदलली नाही. ती बदलली १९४० साली, दुसऱ्या महायुद्धाच्या ओढाताणीत. तेव्हापासून रुपयात निम्मी चांदी, चाळीस टक्के तांबे आणि उरलेल्यात निकेल व जस्त. १९४७ च्या रुपयात तर चांदी औषधालाही राहिली नाही. तो निव्वळ निकेलचा. तुमच्या डबीतला रुपया १९४० च्या आधीचा आहे की नंतरचा, हे सालावरून कळेलच. शिवाय नंतरच्या रुपयाच्या दातेरी कडेवर मधोमध एक खाच फिरवलेली दिसेल. ती खोटे रुपये पाडणाऱ्यांना अडवण्यासाठी होती.

आता काळेपणाविषयी. लोखंड गंजते तशी चांदी गंजत नाही. नुसत्या हवेशी आणि पाण्याशी तिचे वैर नाही. तिचे जमत नाही ते गंधकाशी. हवेत गंधकाची संयुगे अगदी अल्प प्रमाणात असतात. गटाराच्या वासात, कोळशाच्या धुरात, उकडलेल्या अंड्यात, कांद्या-लसणात ती असतात. ती चांदीच्या पृष्ठभागाला भेटली की तिथे सिल्व्हर सल्फाइडचा थर धरतो. हवा दमट असेल तर हे काम झपाट्याने होते, म्हणून कोकणातल्या घरातला रुपया देशावरल्या रुपयाच्या आधी काळवंडला तर नवल नाही. नाण्यातले तांबेही आपला वाटा उचलते. १९४० नंतरच्या रुपयात तांबे भरपूर, म्हणून ते मळकट, तपकिरी दिसू लागतात. आधीचे रुपये मात्र रंग घेतात.

रंग, हा शब्द मी जाणूनबुजून वापरला. केसाच्या जाडीचे हजार भाग केले तर त्यातल्या एखाद्या भागाइतका तो थर पातळ असतो. साबणाच्या फुग्यावर किंवा पावसात रस्त्यावर सांडलेल्या तेलावर रंग का दिसतात? पातळ थराच्या वरून परतणारा आणि खालून परतणारा प्रकाश एकमेकांत मिसळतो म्हणून. नाण्यावर तेच घडते. थर कोवळा असतो तेव्हा नाणे फिकट सोनेरी दिसते, मग तांबूस-जांभळे, मग निळे. आणि थर फार वाढला की राखी, शेवटी काळे. एखादा रुपया खिडकीपाशी नेऊन किंचित तिरका धरा. आपण ज्याला सरसकट 'काळा' म्हणून मोकळे होतो, त्यात कडेला निळसर आणि राणीच्या गालावर मधासारखा सोनेरी रंग निघतो. हातोहात फिरून झिजलेल्या रुपयावर असे इंद्रधनुष्य दिसणार नाही, पण तिथे वेगळी गंमत असते. खोलगट जागी काळोखी साचते आणि उंचवटे उजळ राहतात, त्यामुळे चेहरा आणि अक्षरे उठून दिसतात.

कोणता रंग, कुठे आणि किती, हे ठरते ते नाणे कुठे राहिले त्यावरून. लोकरीत गंधक असते, रबर तयार करताना त्यात गंधक घालतात, हलक्या पुठ्ठ्यातही ते असते. म्हणून लोकरीच्या मोज्यात ठेवलेले नाणे, रबर गुंडाळलेले नाणे आणि पुठ्ठ्याच्या डबीतले नाणे, तिघे एकाच साली एकाच टांकसाळीतून निघालेले असले तरी पन्नास वर्षांनी तीन चेहरे घेऊन बाहेर येतात. रबराचा काळा पट्टा आडवा उमटतो. चळतीत दुसऱ्या नाण्याखाली दबलेला भाग पांढरा राहतो आणि उघडी चंद्रकोर काळी पडते. बोट लागले तर घामाच्या रेषा तशाच रंगतात.

बँकेतल्या नोकरीत लॉकर उघडून त्यातल्या वस्तूंची यादी करण्याचे काम मी पुष्कळदा केले. लॉकरधारक वारलेला असतो, वारस आलेले असतात, दोन साक्षीदार असतात आणि आम्ही एकेक वस्तू लिहून घेतो. धातूची शुद्धता बँक सांगत नाही, म्हणून सोने दिसले तरी 'पिवळ्या धातूचे' आणि चांदी दिसली तरी 'पांढऱ्या धातूचे' असे लिहायचे. कोळशासारख्या काळ्या नाण्यांपुढे 'पांढऱ्या धातूची नाणी, नग अकरा' असे लिहिताना मला दरवेळी मनातल्या मनात हसू येई.

असेच एकदा आईच्या मागे बहीण-भाऊ आले होते. खणाच्या तुकड्यात बांधलेले रुपये निघाले. बहिणीने विचारले, ''साहेब, ही खोटी आहेत का हो?'' म्हटले, ''नाही ताई, खरी आहेत म्हणूनच काळी पडलीत.'' भाऊ म्हणाला, ''सराफाकडे टाकली की होतील चकाचक.'' ताईंनी तेवढ्यात एक रुपया उजेडात धरला होता. त्याच्या सपाट भागावर अंगठ्याच्या रेषा तपकिरी रंगात स्वच्छ उमटल्या होत्या. ठसा कुणाचा, हे सांगणारे कुणी उरले नव्हते. पण ती पुरचुंडी त्या घरात एकाच बाईने बांधली होती आणि तिच्याखेरीज ती कुणी सोडली नव्हती, असे दोघांचेही म्हणणे पडले. मग भाऊही काही बोलला नाही. यादीत मी नेहमीप्रमाणे नगांची संख्या लिहिली. ठशासाठी त्या छापील नमुन्यात रकाना नव्हता.

घासण्याने नेमके काय जाते, हे समजून घ्यायला हवे. काळा थर म्हणजे बाहेरून येऊन बसलेली धूळ नव्हे. त्यातली चांदी नाण्याची स्वतःची असते. थर काढला की तेवढी चांदी गेली. शिवाय टांकसाळीत ठसा बसतो तेव्हा प्रचंड दाबाखाली धातू मधून कडेकडे वाहतो आणि त्याच्या अतिसूक्ष्म रेषा पृष्ठभागावर राहतात. कोरे नाणे हातात फिरवले की प्रकाश चक्रासारखा फिरतो, तो या रेषांमुळे. आम्ल त्यांना खाते, पूड त्यांना खरवडते. मागे राहतो तो मेलेला पांढरेपणा, भिंगाखाली पाहिला तर ओरखड्यांनी भरलेला. अॅल्युमिनियमच्या कागदावर सोडा आणि गरम पाणी वापरण्याची युक्ती हल्ली सर्वांना ठाऊक झाली आहे. तिने चांदी वाहून जात नाही, सल्फाइडची पुन्हा चांदी होते, हे खरे. पण ती पूर्वीच्या बांधणीने बसत नाही आणि रंग गेला तो गेलाच.

ज्यांना हे पटत नसेल त्यांनी आपल्या देव्हाऱ्यातल्या टाकांकडे पाहावे. पिढ्यान्‌पिढ्या रोज घासलेल्या टाकावरचा खंडोबा आणि भवानी ओळखू येईनाशी होते. नाक जाते, शस्त्रे जातात, शेवटी नुसता उंचवटा राहतो. टाकाचे तेवढ्यावर भागते, कारण झिजलेला टाक विसर्जित करून सोनाराकडून नवा करून घेण्याची आपल्याकडे रीत आहे. १९०७ चा रुपया कोणता सोनार नवा करून देणार?

वस्तूचे वय ही तिची खोट मानण्याची आपली सवय मात्र जुनी आहे. अठराव्या शतकात बंगालमध्ये ताजा पाडलेला रुपया तेवढा 'सिक्का' म्हणून पूर्ण किमतीला चाले. वर्ष उलटले की तो 'चलनी' होई, आणखी जुना झाला की 'सनवात'. आणि सराफ दर पायरीला बट्टा कापून घेत. चांदी तीच, पण साल जुने म्हणून किंमत कमी. या जाचातून सुटण्यासाठी कंपनीने शेवटी शाहआलमच्या एकोणिसाव्या वर्षाचाच ठसा कायम केला. वर्षे पुढे जात राहिली आणि रुपयावरचे साल मात्र १९ च राहिले! आपल्या भाषेत 'नावाला बट्टा लागणे' म्हणतात, त्यातला बट्टा या व्यवहारातला. आता गंमत अशी की जगभरातला नाणेसंग्राहक या सराफांच्या अगदी उलट वागतो. घासलेल्या नाण्याला तो बट्टा लावतो आणि न घासलेल्याला अधिक मोजतो.

याचे एक उदाहरण अमेरिकेतले आहे आणि त्याचा धागा आपल्या डबीपर्यंत येतो. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थान सरकारला रुपये पाडायला चांदी पुरेना. १९१८ साली अमेरिकेने पिटमन कायदा करून आपल्या तिजोरीतले चांदीचे डॉलर वितळवले. त्यातल्या सुमारे २६ कोटी डॉलरांची चांदी हिंदुस्थानसाठी विकली गेली. तुमच्याकडे १९१८ ते १९२० या सालांतला पाचव्या जॉर्जचा रुपया असेल, तर तो आदल्या जन्मी अमेरिकन डॉलर असण्याचा बराच संभव आहे. मागच्या बाजूला तळाशी बारीक ठिपका दिसला तर तो मुंबईच्या टांकसाळीत पडला. वितळण्यातून वाचलेले डॉलर तिकडे हजारहजारांच्या कापडी पिशव्यांत तळघरांत पडून राहिले. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला त्या पिशव्या खुल्या झाल्या, तेव्हा कापडाला टेकलेल्या डॉलरांवर निळे, किरमिजी, सोनेरी पट्टे चढलेले निघाले. काहींवर तर कापडाची वीणसुद्धा उमटली होती. आज अशा डॉलरासाठी संग्राहक पांढऱ्या डॉलरच्या कितीतरी पट मोजतात. ज्याला आपण चिंच लावली असती, त्याला ते मखमलीवर ठेवतात.

पण मी पैशाच्या लोभाने रुपये काळे ठेवा म्हणत नाही. आपल्या घरातला एखादा सामान्य सालाचा, झिजलेला रुपया काळा ठेवला म्हणून लाखमोलाचा होणार नाही. आणि जिथे किंमत आली तिथे लबाडी आलीच. गंधकाची संयुगे लावून, नाणी भट्टीत भाजून रातोरात इंद्रधनुष्य चढवणारे कसबी लोक बाजारात आहेत. म्हातारपणाचेही ढोंग करता येते! म्हणून रंग पाहून नाणे विकत घेण्याच्या फंदात जाणकाराशिवाय पडू नये. आपल्या घरचा रंग मात्र खात्रीचा असतो. तो कुणी चढवला, हे आपल्याला ठाऊक असते: आपल्याच घराच्या हवेने.

दोन आक्षेप मला ऐकू येत आहेत. पहिला असा की, लक्ष्मीपुढे काळे नाणे ठेवायचे कसे? देवाला स्वच्छ तेच वाहावे, ही भावना मी मोडू पाहत नाही. पण मळ आणि रंग यांत फरक आहे. मळ धुवावा. साध्या स्वच्छ पाण्याने नाणे धुवून, मऊ सुती कापडाने न घासता टिपून घेतले की ते पुरेसे शुचिर्भूत झाले. निरांजन, ताम्हन, पंचपात्री ही वापरायची भांडी. ती खुशाल घासा. गेल्या वर्षी सराफाकडून घेतलेले लक्ष्मी-गणपतीचे नाणेही घासा, त्याच्यावर अजून काही लिहिले गेलेले नाही.

दुसरा आक्षेप असा की, मग काहीच करायचे नाही का? तसेही नाही. सगळाच काळेपणा जपण्याजोगा नसतो. मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवलेल्या नाण्यावर कधीकधी हिरवा, चिकट लेप चढतो. तो त्या प्लॅस्टिकमधून सुटलेल्या द्रव्यांचा असतो आणि नाण्याला खातो. तो जाणकाराकडून काढून घ्यावा आणि ते पाकीट फेकून द्यावे. तांबे जास्त असलेल्या नाण्यांवर हिरवी बुरशीसारखी पूड दिसली तरी सावध व्हावे. थर वाढत वाढत कोळशासारखा जाड झाला तर त्याने नक्षी झाकली जाते, हेही मान्य. म्हणून पुढची काळजी अशी: लोकर, रबर, वर्तमानपत्र, पुठ्ठा यांपासून नाणी दूर ठेवावीत, ओलसर जागा टाळावी, स्वयंपाकघरात तर ठेवूच नयेत, आणि हाताळताना फक्त कडेने धरावीत. मागच्यांनी लिहिले ते पुसायचे नाही, आणि आपण उगाच गिरवायचेही नाही.

हा संयम मी बँकेत शिकलो. मी नोकरीला लागलो तेव्हा खातेवह्या हाताने लिहीत. नोंद चुकली तर खोडरबर लावणे किंवा ब्लेडने खरवडणे हा अपराध होता. चुकीच्या आकड्यावर एकच रेघ मारायची, ती अशी की खालचा आकडा वाचता यावा. वर बरोबर आकडा लिहायचा आणि बाजूला सही करायची. वही दिसायला घाण होई, पण खरी राही. तपासनीस आला की चकचकीत, कोऱ्या पानाकडे तो आधी संशयाने पाही. घासलेला जुना रुपया मला त्या खरवडलेल्या पानासारखा वाटतो. शंभर वर्षांचा आणि अंगावर एकही नोंद नाही, हे कसे?

आपल्या कायद्यालाही हे कळते. १९७२ च्या पुरावस्तू आणि कलाखजिना कायद्याप्रमाणे शंभर वर्षे ओलांडलेले नाणे ही पुरावस्तू ठरते. ती परदेशी नेता येत नाही. म्हणजे विमानतळावर ज्या रुपयाला सरकार पुरावस्तू म्हणून अडवील, त्यालाच आपण मोरीत बसून ब्रशाने घासतो.

आणि घासण्याहून मोठे संकट दुसरेच आहे. चांदीचा भाव चढला की डबीतले रुपये सराफाच्या तराजूत जातात. काळा रुपया कुणालाच ओळखीचा वाटत नाही, म्हणून तो आधी जातो. तो कुणाचा, कुठून आला, हे सांगणारे माणूस घरात राहिलेले नसते. गरज असेल तेव्हा विकावा. चांदी ठेवतात ती अडीनडीसाठीच आणि आपल्या आज्या-पणज्यांनी तिच्यावरच घरे सावरली. पण काय विकतो आहोत, हे तरी माहीत असावे.

म्हणून या दिवाळीला चिंच आमटीत घालावी. रुपये पाण्याने धुवावेत, टिपावेत, आहेत त्या रंगात पाटावर मांडावेत. पूजा झाल्यावर घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाला मुलांमध्ये बसवून विचारावे: हा रुपया कुणाचा? लग्नातला की बारशातला? माहेरून आला की पगारातून उरला? जे कळेल ते चांगल्या कागदावर लिहून, तो कागद नाण्याला चिकटू न देता डबीजवळ ठेवावा. काळोखीने आपले काम केले आहे. ती सालेच्या साले सांगू शकते, पण नावे सांगू शकत नाही. नावे आपल्याला लिहावी लागतील, आणि ती ठाऊक असलेली माणसे अजून आहेत तोवरच.